दगडाबाईची शिट्टी

दगडाबाईची शिट्टी गायब झाली त्या दिवशी मालूनं कळव्यातल्या निम्म्या लोकांवर संशय घेतला आणि उरलेल्या निम्म्यांशी भांडण केलं.

दगडाबाई म्हणजे कुणी म्हातारी नव्हे. वाफेचं इंजिन. बुटकं, पोट सुटलेलं, धुराड्याची कड एका बाजूनं चेपलेली. खाडीकाठच्या कारखान्यात कोळशाचे डबे ओढायला विलायतेहून आणलेलं. पहिल्याच दिवशी ते जागचं हलायला तयार नव्हतं, म्हणून तेव्हाच्या ड्रायव्हरनं त्याला आपल्या सासूचं नाव देऊन टाकलं. पुढे सासू गेली, ड्रायव्हर गेला, कारखान्यालाही टाळं लागलं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, हा जुना ठेवा आहे, जपला पाहिजे. आणि जपायला घेतला तिथूनच तिची वाट लागली. आधी क्रेननं उचलून माजिवड्याच्या नाक्यावर ठेवली, तर तिथं रस्ता रुंद करायचा निघाला. मग एका शाळेसमोर आणली, तर पोरं तिच्या भट्टीत लपून तास बुडवायला लागली. शेवटी कळव्याला खाडीजवळच्या बागेत चौथऱ्यावर चढवली. चौथरा एका अंगानं चिखलात खचला आणि दगडाबाई दोन घोट जास्त झाल्यासारखी तिरकी उभी राहिली. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तिला चंदेरी रंग फासला. आणि यंदा पावसाच्या तोंडावर, पोरं आत शिरतात, कुणी अडकून मरेल, म्हणून ठेकेदारानं तिच्या भट्टीत सिमेंट ओतलं. वरून थापी मारून गुळगुळीत केलं. काम फत्ते.

तिची राखण करायला बागेच्या ऑफिसनं परशुरामला ठेवलेला. परशुराम म्हणजे मालूचा बाप. कारखाना चालू होता तेव्हा तो आणि कोळीवाड्यातले आणखी काही जण याच इंजिनावर होते, तो भट्टीत कोळसा मारायचा. कारखाना बंद झाल्यावर बाकीचे होड्यांवर परत गेले. परशुराम दगडाबाईपाशी थांबला. खाकी शर्ट घालून बाकावर बसायचा आणि चौथऱ्यावर लघवी करणाऱ्यांना हाकलायचा.

मालू सोळाची. नववीत बाईंनी डस्टर फेकून मारला, मालूनं तोच उचलून परत फेकला. बाईंचा चुकलेला, मालूचा बरोबर बसला. शाळा तिथं संपली. तेव्हापासून ती आईबरोबर कळव्याच्या बाजारात म्हावरं साफ करायला बसायची. हातात कोयता आणि डोळे चौफेर. गिऱ्हाईकानं पाटीतलं एक बोंबील पिशवीत जास्त सरकवलं तरी तिला दिसायचं.

त्यामुळे दगडाबाईचं पितळ कमी होतंय हे पहिलं तिलाच दिसलं. आधी तेलाच्या वाट्या गेल्या. मग वाफ सोडायचा दांडा. मग पाण्याच्या काचेभोवतीची कडी. आणि आता शिट्टी. जिथं शिट्टी होती तिथं नुसतं भोक, त्यात एक साळुंकी काड्या भरत होती.

"बाबा, शिट्टी कुठाय?"

परशुरामनं वर न बघता तंबाखू मळली. "असंल कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? ती काय बाजारात गेली भाजी आणायला?"

"तू जा, आय वाट बघते."

दोनच दिवसांनी बागेच्या ऑफिसातून निरोप आला. डोंबिवलीला जुनी इंजिनं जपणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. ते दगडाबाईला नेऊन, दुरुस्त करून, संग्रहालयात ठेवायचं म्हणतायत. रविवारी त्यांचे मोठे साहेब बघायला येणार. आणि ऑफिसातले बागसाहेब परशुरामला दम देऊन गेले, "रविवारी एक नट जरी कमी निघाला ना, तर मी तुलाच चोर म्हणून पोलिसात देणार. राखणदार कशाला ठेवलाय तुला?"

ते गेल्यावर परशुराम बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मालूच्या मात्र डोक्यात गेलं. तिच्या बापाला कोण चोर म्हणतो? ज्या माणसानं कारखान्यातून घरी कधी कोळशाचा खडा आणला नाही, त्याला? चोर ती शोधणार होती. रविवारच्या आधी.

पहिली धाड दौलतच्या भंगाराच्या दुकानावर पडली. दौलत वजनकाट्यावर पाय ठेवून चहा पीत होता. मालू न विचारता आत घुसली आणि पोती उपसायला लागली.

"ए बाय, काय झडती काय? वॉरंट कुठाय?"

"वॉरंट माझ्या कोयत्याला लावलंय. दगडाबाईचं पितळ कुणी आणून दिलं?"

"आयच्यान सांगतो, नाय आलं." दौलतनं बशी खाली ठेवली. "अगं, एवढं जाड विलायती पितळ माझ्याकडं आलं असतं तर मी इथं डबे-बाटल्या मोजत बसलो असतो काय? मी पण डोळा ठेवून होतो. कुणीतरी माझ्या आधी हात मारला."

"म्हणजे तू मारणारच होतास!"

"मनात तर सगळेच मारतात गं." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू? चिडू नको. ते नट गंजून गच्च झालेले. मी एकदा फिरवून बघितला, हलला नाय. ज्यानं काढलं ना, त्याला ती कुठून सुटते ते ठाऊक हाय. बाहेरच्याचं काम नाय ते."

मालूनं त्याचा चहा लाथेनं उडवला आणि निघून आली. पण वाक्य डोक्यात रुतलं ते रुतलं. ज्याला ठाऊक आहे तो. कोण?

उत्तर शनिवारी दुपारी आपल्या पायांनी चालत आलं.

चष्मा, खांद्याला झोळी, पायात सँडल. माणूस असा की रिक्षावाल्याला पण 'अहो' म्हणेल. तो आधीही दोनतीनदा बागेत दिसलेला. परशुराम जेवायला गेलेला बघून तो चौथऱ्यावर चढला. इंजिनाच्या अंगावर बोटांनी टकटक करून कान लावला. मग खिशातून कागद काढून तिच्या कुशीवरच्या पितळी पाटीवर धरला आणि पेन्सिल घासायला लागला. पाटीवरची विलायती अक्षरं कागदावर उमटायला लागली.

झाडामागून मालू बघत होती. हा नक्कल करतोय. नकली पाटी लावणार आणि असली घेऊन कल्टी मारणार. मग त्यानं झोळीत हात घातला आणि बाहेर काढला भलामोठा पान्हा.

"ए चष्म्या! खाली उतर!"

माणूस दचकला, पान्हा हातातून निसटून चौथऱ्यावर खणकन पडला. त्या आवाजानं बाकांवरची रिकामटेकडी मंडळी उठली.

"अगं बाई, तुझा गैरसमज..."

"गैरसमज गेला खड्ड्यात! पान्हा कशाला आणलास? शिट्टी कुठं विकलीस? बघा रे, हा बघा दगडाबाईचा चोर!"

लोकांना कारण हवंच असतं. कुणी कॉलर धरली, कुणी झोळी उलटी केली. झोळीतून रॉकेलचा डबा, फडकं, पोळीभाजीचा डबा आणि कॅमेरा पडला. "मी विश्राम पेडणेकर, मी मंडळाचाच आहे, उद्याच्या आधी जरा तेलपाणी..." एवढं तो बोलला तोवर कानशिलात बसली. चष्म्याची एक काच फुटली. दौलत मागून ओरडत होता, "अजून एक द्या!" आणि मालूचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "माझ्या बापाला चोर करतो काय रे? माझ्या बापाला?"

तेवढ्यात परशुराम आला. गर्दी फाकली. सगळ्यांना वाटलं, आता परशुरामचा हात बसणार. परशुराम पुढं आला, त्या माणसाची निसटलेली सँडल उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि त्याच्या पायापाशी ठेवली.

"जा साहेब तुमी," एवढंच म्हणाला.

पेडणेकर लंगडत गेला. लोक म्हणाले, परशुराम देवमाणूस. पण मालूचे डोळे बाजारात तयार झालेले. बाप त्या माणसाकडं बघतोय, जमिनीकडं बघतोय, इंजिनाकडं बघतोय. तिच्याकडं बघत नाहीये. चोर सापडल्यावर माणसाचा चेहरा असा पडतो?

रात्री परशुराम जेवला नाही. सरस्वती, मालूची आई, ताट झाकत म्हणाली, "पोट बिघडलं असंल." दौलतचं वाक्य मालूच्या कानात पुन्हा बसलं होतं. ती कुठून सुटते ते ज्याला ठाऊक हाय.

रविवारी पहाटेच भरती होती. मालू आणि सरस्वती पाट्या घेऊन धक्क्यावर गेल्या. मालूचा मामा, नाथा नाखवा, याची होडी नुकतीच लागलेली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं, त्यावर सुकलेली झेंडूची माळ. गेल्या आठवड्यातल्या नारळी पुनवेपासून ते तिथं होतं. सगळ्यांना वाटायचं, पूजेचा नारळ असेल. असल्या गाठोड्याला कुणी हात लावत नाही. मालूनंही रोज बघून कधी बघितलं नव्हतं.

आज बघितलं. आणि नारळ एवढा लांबुळका नसतो हे तिच्या लक्षात आलं.

तिनं पाटी खाली टाकली, उडी मारून होडीत चढली आणि गाठ सोडली. आतून दगडाबाईची शिट्टी तिच्याकडं बघत होती. हळदीकुंकवानं माखलेली, घासून लख्ख.

"चपला काढ!" नाथामामा मागून गरजला. "चपला घालून नाळेवर चढतंस? हात काढ!"

"मामा, ही तुझ्याकडं कशी?"

"कशी म्हणजे? तुझ्या बापानं दिली. वाट्याला आली माझ्या."

"वाट्याला?"

नाथामामानं तिच्याकडं असं बघितलं, जणू ती कोळ्याची पोर नाहीच. "होडी मोडली की तिचं लाकूड इकतात का गं? जे तिच्यावर जेवले त्यांना एकेक तुकडा देतात. तो तुकडा नव्या होडीत ठोकायचा. जुनीचं नशीब नवीत जातं. तुझ्या आज्याच्या होडीची फळी माझ्या पायाखाली हाय, बघ. दगडाबाईवर आमी किती वर्षं जेवलो? परशुरामनं आमाला तिचा वाटा दिला. विश्रांती मिळाली बिचारीला."

मालूनं शेजारच्या होड्यांच्या टोकांकडं बघितलं. पितळाच्या वाट्या, दांडा, कडी, सगळं याच धक्क्यावर, फडक्यांत बांधलेलं, तिच्या नाकासमोर होतं. आणि त्याच्यासाठी तिनं एका माणसाचं तोंड फोडायला लावलं होतं.

बाप तिला बागेत सापडला. चौथऱ्याच्या पायरीवर बसलेला.

"तूच काढलंस." ती ओरडली नाही.

"हो."

"सरकारी माल आहे बाबा तो! होडी नाय!"

"मी तिला वीस-बावीस वर्षं चारलं. माझ्या हातानं. तू मला सांगतेस ती काय हाय?" परशुरामनं मागं न बघता भट्टीच्या दिशेनं हात केला. "इतकी वर्षं मी पण वाट बघत होतो. म्हटलं, कुणीतरी येईल, पेटवील. मग एक दिवस तिच्या पोटात सिमेंट ओतलं. माझ्यासमोर. मी नको म्हटलं, तो ठेकेदार हसला. त्या दिवशी ती मेली, मालू. मेलेलीला ठेवून काय करायचं? भंगारवाला टपलेला. त्याच्या आधी मी आपल्या माणसांत वाटलं. त्यात चोरी कुठली?"

"मग त्या माणसाला मार पडत होता तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

परशुराम पहिल्यांदा तिच्याकडं बघायला लागला. "तू माझ्यासाठी ओरडत होतीस ना गं. सगळ्या लोकांसमोर. मी काय बोलणार होतो?"

मालूला वाटलं, एखादी गोष्ट उचलून जोरात फेकावी. फेकायला काहीच नव्हतं. साहेब लोक दुपारी येणार होते. ती तशीच उठली आणि स्टेशनकडं चालायला लागली.

पेडणेकरचा पत्ता त्याच्या पोळीभाजीच्या डब्याच्या झाकणावर खरडलेला होता; डबा बागेतच राहिलेला, तिनं काल उचलून ठेवलेला. डोंबिवलीला, पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दार साखळी लावून उघडलं गेलं. फटीत तो चष्मा, एका काचेवर चिकटपट्टी.

"आता काय राहिलंय?" तो म्हणाला.

आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे? तीच का? तिला म्हणावं, आम्ही पोलिसात जाणारच आहोत!"

मालूनं डबा फटीतून आत दिला आणि सगळं सांगून टाकलं. शिट्टी, नाळ, वाटा, सिमेंट. पेडणेकर ऐकत होता आणि त्याचा चेहरा जास्तच आंबट होत होता.

"छान रचलंस," तो म्हणाला. "काल मी चोर. आज सगळा कोळीवाडा. वडील तेवढे स्वच्छ, कारण त्यांनी विकलं नाही, वाटलं. अगं, असं कोणी करतं का?"

"ओ साहेब, खोटं बोलायचं असतं तर काल बोलले तेच चालू ठेवलं असतं ना! एवढ्या लांब कशाला मरायला आले असते?"

हे त्याला पटलं असावं. त्यानं साखळी काढली नाही, पण दारही लावलं नाही.

"शिट्टी घासलेली आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"लख्ख."

"चिंचेनं घासली असेल. बरं केलं." मग एकदम कोरड्या आवाजात, "हे बघ, तुझ्या वडलांचं काय व्हायचं ते होवो. पण हा चोरीचा बोभाटा झाला तर आमचे साहेब तिला हात लावणार नाहीत, आणि मग तिचा लिलाव होणार. ते मला नकोय. शिट्टी तेवढी आण. बाकीचं बनवून घेता येईल. मी सांगेन, भाग कारखान्यात असतानाच गेलेले. कुणाचं नाव येणार नाही."

"आणि तुमचं? कळव्यात सगळे तुम्हाला चोर समजतात."

"मला कुठं कळव्यात मुलगी द्यायची आहे?" असं म्हणून त्यानं दार लावलं.

येताना मालू विचार करत राहिली, याला काय मिळणार यात? एवढा मार खाऊन माणूस असा बोलतो, म्हणजे काहीतरी लोचा असणार. बापानं, दौलतनं, मामानं, सगळ्यांनीच तिच्याशी अर्धं अर्धं बोलून ठेवलेलं. हा तरी पूर्ण कशावरून?

धक्क्यावर तिनं नाथामामापुढं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"फक्त शिट्टी दे मामा. बाबा वाचेल."

"हंगाम चालू हाय. नाळेवरचं उतरवलं आणि होडीला काय झालं तर? चार पोरं असतात माझ्याबरोबर." मामानं इकडंतिकडं बघितलं. जाळी सारखी करणारे हात थांबलेले. "आणि तू सकाळपासून कुठं होतीस गं? स्टेशनावर बघितलं तुला लोकांनी. डोंबिवलीला? कुणाला काय सांगून आलीस?"

एकेक होडी धक्क्यापासून लांब सरकली, आणि फडकी बांधलेली टोकं तिच्याकडून दुसरीकडं वळली.

दुपारी बागेत जत्रा भरलेली. मंडळाचे मोठे साहेब आले, पिकलेल्या मिशांचे, छत्री घेतलेले. बरोबर बागसाहेब. आणि मागं पेडणेकर, चिकटपट्टी लावलेला चष्मा घालून. त्यानं मालूचे रिकामे हात बघितले. मालूनं मान खाली घातली.

मोठे साहेब दगडाबाईभोवती फिरले. छत्रीच्या टोकानं एकेक भोक दाखवत गेले. "शिट्टी नाही. रेग्युलेटरचा दांडा नाही. ऑइल कप नाहीत. पेडणेकर, हा काय प्रकार आहे?"

मालूनं पेडणेकरकडं बघितलं. शिट्टी आणली नव्हती, सौदा संपला होता.

"हे भाग आधीच गेलेले आहेत सर," पेडणेकर म्हणाला. "कारखान्यात असतानाच. माझ्याकडे तशी माहिती आहे."

मालूनं डोकं वर केलं. त्याच्यात कुठलाच लोचा नव्हता. त्याला फक्त इंजिन हवं होतं, आणि त्यासाठी तो आपल्या तोंडानं खोटं बोलत होता. बागसाहेबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. परशुराम वाचला होता. सगळं तिथंच मिटलं असतं, पण दौलतला राहवलं नाही.

"ओ मोठे साहेब! चोर तुमच्यातच उभा हाय की! काल पान्ह्यासकट पकडला आमी त्याला. तोच सांगणार ना, आधीच गेलं म्हणून!"

गर्दीत हशा पिकला. मग, "हो हो, हाच तो!" मोठे साहेब वळले.

"पेडणेकर? काय म्हणतायत हे?"

पेडणेकर एका वाक्यात सुटला असता. त्यानं फक्त चष्मा काढला आणि पुसायला लागला, चांगली काच आणि चिकटपट्टी, दोन्ही.

मालूला कळत होतं, पुढचा प्रश्न काय येणार. आपण तोंड उघडलं की तो येणारच. ती बापाकडं बघत होती आणि बाप तिच्याकडं.

"तो चोर नाय," ती म्हणाली. मग कालच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ऐकू नाय आलं? तो चोर नाय! मी खोटं ओरडले. त्यानं एक खिळा पण घेतला नाय!"

"मग घेतलं कुणी?" बागसाहेब.

"मी काढलं," परशुराम म्हणाला. मालूच्या आधी. खाकी शर्टाची बटणं नीट लावली आणि पुढं आला. "तिच्या पोटात सिमेंट भरलं त्या दिवशी ती मेली. मग मी तिचा वाटा केला. जे तिच्यावर जेवले त्यांना दिला. ज्यांना दिला त्यांची नावं मी सांगणार नाय."

"ऐकलंत? सगळ्यांसमोर कबूल केलंय! आता सरळ पोलिसात..." बागसाहेब चेकाळले.

"थांबा," मोठे साहेब म्हणाले. "सिमेंट? कुठे सिमेंट?"

ते भट्टीपाशी वाकले. छत्रीचं टोक आत घातलं. टक्क असा आवाज आला. त्यांनी पुन्हा एकदा टोचून बघितलं, जणू टोचल्यानं ते मऊ होणार होतं. मग हळूहळू सरळ झाले. "हे कुणी केलं?"

बागसाहेबांचे कान लाल झाले. मालूला ते लगेच दिसलं. पोलिसात लिहून द्यायचं म्हणजे सिमेंटही लिहावं लागणार, आणि सिमेंट लिहिलं की ठेकेदार, आणि ठेकेदाराला काम देणाराही.

"ते... सुरक्षेसाठी," बागसाहेब पुटपुटले. "जाऊ द्या, गरीब माणूस आहे. पोलिसबिलिस कशाला. आजपासून कामावर येऊ नकोस परशुराम, म्हणजे झालं."

"तुम्ही हे मला फोनवर का नाही सांगितलंत?" मोठे साहेब पेडणेकरवर उखडले. "सिमेंट भरलेला बॉयलर मी कशाला नेऊ?"

"फोडून काढू सर. छिन्नीनं. मी काढेन, रोज संध्याकाळी येऊन."

मोठे साहेब उत्तर न देता गाडीत जाऊन बसले. दगडाबाई त्यानंतर बरेच दिवस तशीच तिरकी उभी होती, मग एकदा कल्याणच्या बाजूला नेली, तिथंही तिचं धड झालं नाही म्हणतात. त्या दिवशी मात्र गर्दी पांगली आणि परशुरामनं खाकी शर्ट काढून, घडी करून चौथऱ्यावर ठेवला. बनियनवर घरी निघाला. वाटेत दौलतच्या दुकानासमोरची पोरं "चोर, चोर" ओरडली. कोळीवाड्यात कुणी ओरडलं नाही. तिथं दारंच लागली.

"सगळं बोलून बसला," कुणीतरी आतून म्हणालं. "आता येतील आमच्या होड्या तपासायला."

राखणीचं काम गेलं, म्हणजे आता होडीवर जाणं आलं. आणि होडीवर कुणी बोलावल्याशिवाय जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशुराम धक्क्यावर जाऊन उभा राहिला. मालू त्याच्या मागं. होड्या सुटत होत्या. एक गेली, दुसरी गेली. नाखवे जाळ्याकडं बघत होते, पाण्याकडं बघत होते. परशुराम कुणाला हाक मारत नव्हता, नुसता उभा होता, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून. मालूच्या तोंडात शिव्या जमा झाल्या होत्या. तिनं ओठ गच्च मिटून धरले.

नाथामामाची होडी शेवटची. त्यानं दोर सोडला, पुन्हा बांधला. मग मालूला बघून नाळेवर जाऊन बसला आणि लाल फडक्यावर हात ठेवला.

"परशुराम," तो म्हणाला. "नावं नाय सांगितलीस तू म्हणतात."

"नाय सांगितली."

"चढ मग." मामानं मालूकडं बोट केलं. "पोरगी तिथंच राहू दे."

परशुराम पाण्यात उतरला, होडीच्या कडेला धरून आत चढला आणि वल्ह्यापाशी बसला. मालू धक्क्यावर उभी राहिली. होडी पुलाखालून पलीकडं जाईपर्यंत मामाचा हात फडक्यावरून उठला नाही, आणि मालूवरून नजरही.